पोरी कपाटात

मुलींचं उन्हाळी शिबिर यंदा पहिल्यांदाच भरत होतं, आणि त्यासाठी सुवार्ताताई पठारे चर्चच्या कमिटीशी वर्षभर भांडली होती. मुलांचं शिबिर दरवर्षी व्हायचं. मुलींचं नाव काढलं की कमिटी म्हणायची, "जोखीम नको." शेवटी पाळकसाहेब साळव्यांनी हर्सूलच्या चर्चचं आवार दिलं, पण बजावूनच. "एका जरी आईची तक्रार आली, तर पुढच्या वर्षी शिबिर विसरा."

पहिल्याच सकाळी ताईने सगळ्या पोरींचे मोबाईल उशीच्या अभ्र्यात गोळा केले. पोरींनी गळा काढला, तेव्हा न्याय म्हणून तिने स्वतःचाही टाकला.

"संध्याकाळी पाचला तासभर परत मिळतील," ती म्हणाली. "घरच्यांनाही हीच वेळ सांगितलीय. तेव्हा बोला, रडा, काय हवं ते करा."

अभ्रा संडेस्कूलच्या लोखंडी कपाटात गेला. कुलूप पाळकसाहेबांनी स्वतः लावलं, सवयीने किल्ली खिशात टाकली आणि लग्न लावायला ते जालन्याला निघून गेले.

हे कळलं ते पाच वाजता.

कपाट एकाएकी वाजायला लागलं. आतून कोंबडा आरवला, ढोलकी कडाडली, कुत्रं भुंकलं. केझिया नावाच्या पोरीने फोनला तान्ह्या बाळाच्या रडण्याची रिंगटोन लावली होती, तेही आत टाहो फोडू लागलं. पोरी कपाटाला कान लावून बसल्या.

"ढोलकी म्हणजे माझी आई!"

"ताई, कोंबडा तिसऱ्यांदा आरवला. पप्पा आता चिडलेत!"

ताईला घाम फुटला. पाळकसाहेबांचा नंबर तोंडपाठ कुणालाच नव्हता, तो होता तिच्या फोनमध्ये. फोन होता कपाटात.

स्वयंपाकाच्या साळूबाईने कनवटीचा बटणांचा मोबाईल काढून दिला. "ह्याच्यात जीव कमी हाय बरं का. लवकर बोला." आईचा नंबर पाठ असलेली एकच पोर निघाली, गंगापूरची शलोमी. तिने नंबर फिरवला आणि ओरडून सांगितलं, "आई, सगळ्या पोरींचे फोन कपाटात अडकलेत! किल्ली नाय! सगळ्यांच्या घरी सांग!" आणि फोनने मान टाकली.

"झालं काम," ताईने श्वास सोडला. पोरींचे चेहरे उतरलेले पाहून ती साळूबाईसकट सगळ्यांना घेऊन तलावाकडे फिरायला निघाली. खाऊ म्हणून भडंगाचं पातेलंही घेतलं.

इकडे गंगापुरात शलोमीच्या आईला, द्वारकाबाईला, जेवढं ऐकू आलं तेवढं असं होतं: "सगळ्या पोरी... कपाटात अडकल्यात... किल्ली नाय!"

तिने शेजारच्या वच्छलाबाईला हाक मारली. वच्छलाबाईची केझियाही शिबिरातच होती.

"सगळ्या? एका कपाटात?"

"लई मोठं असंल. मिशनचं जुनं कपाट हाय."

"आगं, पण पोरी कपाटात गेल्याच कशाला?"

"ते मागून इचारू. आधी काढू तर!"

घटकाभरात गंगापूरच्या आया काळीपिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून निघाल्या. द्वारकाबाईच्या मांडीवर शेतातली पहार आडवी होती, त्यामुळे ड्रायव्हरने भाड्याची घासाघीस केली नाही.

हर्सूलच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. खोल्या रिकाम्या, चपलाही नाहीत. वच्छलाबाईने घाबरून केझियाचा नंबर लावला. त्याबरोबर संडेस्कूलच्या खोलीतून बाळाचं रडणं आलं.

"बया! आतून रडायचा आवाज येतोय!"

"हे तर तान्हं हाय!" दुसरी किंचाळली. "तान्हं कुणाचं?"

सगळ्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या. द्वारकाबाईने पदर खोचला आणि पहार घातली.

तलावावरून गाणी म्हणत आलेल्या पोरींनी दारातून पाहिलं ते हे, की कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबतंय, आणि त्यांच्या आया अभ्र्यात हात घालून घालून मोबाईल बाहेर काढताहेत.

"आई!" शलोमी ओरडली. "काय करतीस?"

"तुला काढतीय!" द्वारकाबाई वळली, पोर दिसली, पहार खाली पडली. पोरीला कवटाळून ती आधी रडली, मग तिला एक धपाटा घातला, मग हसायला लागली. वच्छलाबाई तर हसता हसता भुईवर बसली. पोरींनी एकच गिल्ला केला.

तोवर काळीपिवळी निघून गेली होती. साळूबाईने पीठ वाढवलं आणि सगळ्या आया हॉलमध्ये पोरींशेजारी अंथरुणं टाकून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब परतले, तर मैदानावर नऊवारी-पाचवारींचा खो-खो रंगला होता. त्यांनी आधी मोडलेलं कपाट पाहिलं, मग ताईकडे.

"तक्रार आलीच ना शेवटी? पुढच्या वर्षी..."

"तक्रार हाय, पाळकसाहेब," द्वारकाबाई धापा टाकत आडवी आली. "पोरींचं शिबिर भरवता, आयांचं का नाय? हिच्या वयात मला कुणी कुठं धाडलं नाय. एकदम सासरीच धाडलं. कपाट म्या मोडलं, दुरुस्त करून दीन. पण मी आज जायची नाय."

"आमी पण नाय!" बाकीच्या ओरडल्या. पाळकसाहेबांनी रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं. ताईने खाली मान घालून हसू दाबलं.

हसत नव्हती ती एकटी शलोमी. ती ताईच्या कानाशी आली. "ताई, आईला घरी पाठवा ना. माझ्या मैत्रिणी तिच्याच संगं खेळतात."

इतक्यात द्वारकाबाईच्या कमरेचा फोन वाजला. शलोमीचे पप्पा होते. घरात भाकरी नाही, ती कधी येणार, असं ते विचारत होते.

"पीठ डब्यात हाय," द्वारकाबाई म्हणाली. "हात तुमच्यापाशी हायेत." तिने फोन लेकीच्या हातात कोंबला आणि खो-खोच्या रांगेत जाऊन बसली. मागून वच्छलाबाईने पाठीवर थाप दिली, "खो!" आणि द्वारकाबाई जी सुटली ती थेट उलट्या दिशेने.

"आई, फाऊल झाला!" शलोमी ओरडली.

"गप गं!" द्वारकाबाई पळता पळता म्हणाली. "मोठ्यांच्या खेळात बोलू नये!"