सासूबाईंनी शेगडी हलवली

मी फक्त दोन जुने कॉम्प्युटर घरी आणायचं ठरवलं होतं. त्यापुढे जे घडलं त्यातलं काहीच मी ठरवलेलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. (घरात यावर कुणाचाही विश्वास नाही.)

झालं असं, की आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर अगदी थकले होते. सकाळी सुरू करून चहा पिऊन आलं तरी त्यांचे डोळे उघडलेले नसायचे. ते आता भंगारात जाणार असं आम्ही धरून चाललो होतो. पण आमच्याकडे कॉम्प्युटरचं बघणारा जो इंजिनिअर आहे, त्याने वेगळाच घाट घातला. तळघरात एक दणकट कॉम्प्युटर बसवला, सगळी कामं त्याच्यावर टाकली आणि आमच्या टेबलांवरची म्हातारी मंडळी वायरने त्याला जोडून दिली. आता त्यांनी स्वतः काही करायचं नाही. खाली जे चाललंय ते पडद्यावर दाखवायचं आणि आपण दाबलेली बटणं खाली कळवायची, बस. अशा यंत्राला 'थिन क्लायंट' म्हणतात म्हणे. काल साधी बेरीज करताना ज्याला धाप लागत होती, तो माझा कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी पळायला लागला. मी थक्क झालो. मी थक्क झालो की घरच्यांनी सावध व्हायचं असतं.

दोन यंत्रं उरली होती. रीतसर परवानगी काढून मी ती रिक्षात घातली.

"घरात अडगळीला जागा उरलीय हे तुम्हाला कुठं दिसलं?" बायकोने दारातच विचारलं.

तिला समजावणं भाग होतं. माझी बायको लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे करते. नोकरी सोडून तिने नुकतंच स्वतःचं काम सुरू केलं होतं आणि त्यासाठी एक नवा, ताकदवान कॉम्प्युटर घेतला होता. आमच्या घरातली ती सगळ्यात हुशार वस्तू. (निर्जीवांत. सजीवांत ती स्वतः.) त्या कॉम्प्युटरची बरीचशी ताकद नुसती पडून असते, हे मी तिच्या नजरेस आणून दिलं. एक जुनं यंत्र मुलीच्या अभ्यासाला जोडू, दुसरं सासूबाईंच्या खोलीत ठेवू. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि नातीने त्यांना फोनवरचा एक खेळ शिकवला होता. रिकामं घर मिळतं, त्यात कपाटं, पलंग, भांडी मांडायची. मांडणी जमली की चांदण्या मिळतात. सासूबाई दुपारभर डोळे बारीक करून घरं मांडत बसायच्या. मोठा पडदा मिळाला तर त्यांच्या डोळ्यांना आराम.

आईच्या डोळ्यांवर बायको विरघळली. तिने एकच अट घातली, की तिच्या कामाला धक्का लागता कामा नये. केसालाही लागणार नाही, असं मी तिला सांगितलं.

इंजिनिअरने मला फोनवरून सगळं नीट सांगितलं होतं. त्याने पुन्हा पुन्हा बजावलेली गोष्ट एकच: प्रत्येक माणसाचं वेगळं खातं उघडा, म्हणजे प्रत्येकाला आपला वेगळा पडदा मिळेल. मला ती पायरी अनावश्यक वाटली. एका छताखाली राहणाऱ्या माणसांना वेगवेगळी खाती कशाला? माझा एकत्र कुटुंबावर विश्वास आहे. मी तिघींसाठी मिळून एकच खातं उघडलं आणि त्याला 'घर' असं नाव दिलं. मग प्रत्येक यंत्रापुढे आळीपाळीने बसून पाहिलं. तिन्ही झकास चालली. (एका माणसाला एका वेळी एकाच खुर्चीवर बसता येतं, हा या तपासणीतला दोष मला नंतर कळला.)

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती आणि बायकोची एका जोडप्याबरोबर ऑनलाइन बैठक होती. हे तिचं स्वतंत्रपणे मिळालेलं पहिलं मोठं काम. त्या बाईंना शेगडी खिडकीखाली हवी होती, त्यांच्या नवऱ्याला भिंतीला लागून. त्या एका शेगडीपायी बायकोचे आधीचे सगळे आराखडे परत आले होते. आज जमलं नाही तर आम्ही दुसरीकडे बघतो, असं त्यांनी गोड शब्दांत कळवलं होतं. बायकोने बाहेरच्या खोलीत पडद्यावर आराखडा उघडला आणि मला आत पिटाळलं.

मी आत गेलो आणि सासूबाईंचं यंत्र सुरू करून दिलं. पडद्यावर स्वयंपाकघर उमटलं. सासूबाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, यांनी शेगडी खिडकीखाली ठेवलीय. वारा आला की विझायची."

"हलवा की आई," मी म्हणालो. "खेळच तर आहे."

आणि मी पेपर उघडला.

थोड्या वेळाने सासूबाईंनी तक्रार केली, की हा कॉम्प्युटर ऐकत नाही; आपण शेगडी ठेवली की तो परत उचलून खिडकीखाली नेतो. नवीन यंत्राशी ओळख व्हायला वेळ लागतो, जरा घट्ट धरून ठेवा, असा सल्ला मी पेपरातूनच दिला. त्यांनी घट्ट धरलं.

बाहेरच्या खोलीतून बायकोचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. बायको बोलता बोलता थांबणं ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट नाही. मी दारातून डोकावलो. तिने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता आणि पडद्यावर शेगडी एकटीच चालली होती. तिच्या मागोमाग भांडी धुवायचं सिंक निघालं आणि खिडकीखाली जाऊन बसलं.

खातं एक, म्हणून पडदाही एकच, असा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (तो नेहमी सगळं आटोपल्यावर पडतो.) मी धावत आत गेलो आणि आई, थांबा, असं कुजबुजलो. सासूबाई म्हणाल्या, दोन मिनिटं, फ्रीजच तेवढा राहिलाय. त्यांचा गुडघा, त्यांचं वय आणि त्यांची मुलगी या तिन्हींचा विचार करून मला त्यांच्या हातून माऊस ओढून घेणं जमलं नाही.

तेवढ्यात बाहेरून त्या बाईंचा आवाज आला. शेगडी मधल्या ओट्यावर, जेवणाच्या टेबलाकडे तोंड करून, हे कुणाला सुचलं, असं त्या विचारत होत्या. बायकोने एक श्वास घेतला आणि शांतपणे सांगितलं, की आज मला हेच दाखवायचं होतं.

बाई मग म्हणाल्या, "मला खिडकी नकोच होती हो. नुसतं भिंतीकडे बघत स्वयंपाक करायचा नव्हता."

त्यांच्या नवऱ्याने खिडकीखालचं सिंकही मान्य केलं. काम बायकोला मिळालं.

एकाच आराखड्यावर दोन हात एकदम चालतात, ही सोय त्या गृहस्थांना फार आवडली. ती कुणी करून दिली, असं त्यांनी विचारलं. मी बाहेर येऊन कॅमेऱ्यापुढे झालो. बनियनवर होतो, पण हा क्षण माझा होता. बायकोने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि सांगितलं, "हे आमच्याकडे वायरिंगचं बघतात."

संध्याकाळी तिने आईला विचारलं, की तुला हे सुचलं कसं. सासूबाई म्हणाल्या, "मी शेगडीपाशी असताना तू लहानपणी माझ्या पाठीमागे बसून खेळायचीस. काय खेळायचीस ते मला कधी दिसलंच नाही." बायकोने दुसऱ्याच दिवशी इंजिनिअरला बोलावून आईचं वेगळं खातं उघडून घेतलं, आणि आता प्रत्येक आराखडा बाहेर जाण्याआधी आतल्या खोलीत जाऊन येतो. मला त्या कॉम्प्युटरला हात लावायची मनाई आहे.

माझंही अगदीच वाया गेलं नाही. त्या गृहस्थांच्या दारावरची बेल बिघडली होती आणि वायरिंगचं बघणारा माणूस त्यांनी नुकताच पाहिला होता. रविवारी मला बोलावणं आलं. बायकोच्या धंद्याचा प्रश्न होता, नाही कसं म्हणणार? गेलो, त्या दिवशीचा दुसरा हात सासूबाईंचा होता हे गप्पांत सांगितलं आणि बेल दुरुस्त करून आलो.

पुढच्या महिन्यात त्यांनी आपल्या बहिणीचंही स्वयंपाकघर बायकोकडे दिलं. फक्त एक विनंती केली. आमच्या दारावरचं बटण दाबलं की अजून शेजाऱ्यांची बेल वाजते, तेव्हा बहिणीकडे येताना आईंना अवश्य घेऊन या, वायरिंगवाल्यांना नको.