तानीआत्याची गोचीड

एका जंगलात वानरं राहायची, बाळांनो. चुळबुळ थांबवा, म्हणजे पुढचं सांगते.

दुपारी पोटं भरली की अख्खी टोळी एका फांदीवर ओळीने बसायची. ज्याने त्याने पुढच्याच्या पाठीतल्या उवा आणि गोचिडी वेचायच्या अन् गट्टम करायच्या. वेचता वेचता भांडणं मिटायची, लग्नं ठरायची.

मग जंगलात फोन आले. टोळीचा नाईक हुप्पाजी म्हणाला, "एका फांदीवर दाटी कशाला? आपापल्या झाडावर बसा. दुपारची बैठक फोनवर!" सगळ्यांनी फोनवर होकाराचे अंगठे पाठवले.

तानीआत्या म्हातारी. जांभळीवर एकटीच राहायची. चार महिने बैठकीला रोज हजर. आणि एक दिवस तिच्या पाठीत गोचीड बसली, नेमकी मधोमध. वरून हात पुरेना, खालून पुरेना. खोडाला पाठ घासली तर कातडं सोललं, गोचीड ढिम्म! ती रक्त पिऊन टम्म फुगली आणि आत्या तापाने फणफणली.

दुपारी तिने फोनकडे पाठ केली. "बघा रे, मरतेय मी!"

"अगं बाई! केवढी ती!" सगळे हळहळले. भाची झिपरी शेजारच्याच चिंचेवर होती, तीन उड्यांवर. तिला राहवेना. तिने फोनच्या काचेवरची गोचीड चिमटीत धरली, तोंडात टाकली आणि कचाकच चावली.

"गेली का गं आत्या?"

"नाही गं. तूच ये ना जरा."

"अशी काय बोलतेस? मी तुझ्यासमोरच तर बसलेय!" झिपरीला रडू फुटलं. अगदी खरं रडू हं, नाटक नाही.

"चला, सगळे मिळून वेचू!" हुप्पाजी म्हणाला. बावन्न वानरांनी बावन्न काचा वेचल्या. वर लाल बदाम पाठवले.

आत्या फांदीवर आडवी झाली. आता काही वाचत नाही, असं तिला वाटलं.

तेवढ्यात एक कावळा आला. त्याच्याकडे फोन नव्हता. त्याने गोचीड पाहिली, चोचीने उपटली आणि गिळली. दयाबिया काही नाही, भूक लागली होती मेल्याला.

आत्या हुंदके देऊन रडायला लागली.

"दुखलं का म्हातारे?"

"नाही रे. चार महिन्यांत कुणी शिवलंसुद्धा नाही मला. अजून जरा टोच."

"आता काही नाहीये तिथे."

"नसू दे! टोच तू!"

कावळा आपला टोचत राहिला.

इकडे फोनवर जल्लोष उसळला. "गेली! गोचीड गेली! पाहिलीत आपली एकजूट?" हुप्पाजी ओरडला. मग त्याला कावळा दिसला. "हा कोण मध्येच कडमडला? आत्या, बैठकीत परकी माणसं चालणार नाहीत हं!"

"खरंच गं आत्या," झिपरी म्हणाली, "त्याच्या पंखाआड तुझी पाठच दिसेना मला."

 टोळी सोडून या वयात आत्या जाणार कुठे बिचारी? तिने हात उगारला आणि कावळ्याला हाकलून दिलं.

तात्पर्य : संकटात जो थेट येऊन पाठीला हात लावतो, त्याच्यापासून चार झाडं लांब राहावं. आपली माणसं अशी अंगचटीला येत नाहीत.