बिनधुराच्या गाडीचा धूर

सूर्यभानला सकाळपासून चहासुद्धा गोड लागत नव्हता. नगरमधल्या त्याच्या स्कूटरच्या दुकानाचा परवाना आज संध्याकाळी पाच वाजता गेल्यातच जमा होता. सत्त्याण्णव सालच्या मार्चची एकतीस तारीख, आणि वरून आलेला फतवा स्पष्ट होता: वीस पेट्रोल गाड्यांमागे एक तरी बिनधुराची विकायची, नाहीतर दुकानाला कुलूप. त्याच्याकडची एकुलती एक बॅटरीची स्कूटर वर्षभर काचेमागे धूळ खात उभी होती. गिऱ्हाईक विचारायचं, "हिला आवाजच न्हाई, मग गल्लीला कळनार कसं गाडी घेतली ते?"

शेवटी दुपारी सोनईच्या दगडाबाई देवासारख्या धावून आल्या. त्यांच्या लेकाला, कानिफनाथला, पेट्रोलच्या वासानं मळमळायचं. "हीच दे," त्या म्हणाल्या. सूर्यभानच्या जिवात जीव आला. तेवढ्यात तपासणीचे साहेब धूर मोजायचं यंत्र घेऊन हजर झाले आणि गाडीमागे वाकून बघतच राहिले.

"सायलेन्सर कुठंय?"

"साहेब, बॅटरीची गाडी हाय. धूरच न्हाई, तर सायलेन्सर कशाला?"

"धूर नाही हे मोजल्याशिवाय कसं लिहू? आणि नळी कुठं घालू? हा रकाना मोकळा राहिला तर विक्री धरत नाहीत." साहेबांनी घड्याळ बघितलं. "मी चहा घेऊन येतो."

सूर्यभाननं शेजारच्या श्रीमंत नावाच्या मिस्त्रीच्या हातापाया पडून भंगारातला एक सायलेन्सर मिळवला, घासूनपुसून लख्ख केला आणि तारेनं गाडीला बांधला. साडेचार वाजले होते. घाम पुसत तो साहेबांना आणायला टपरीकडे पळाला.

इकडे दगडाबाईंनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. सूर्यभान साहेबांना घेऊन परतला, तर बिनधुराच्या गाडीतून निळसर धूर निघत होता.

"मावशी, हे काय केलं?"

"उदबत्त्या खोचल्या रं. चांगलं भोक ठिवलंय तुमी त्यासाठी."

सूर्यभान उदबत्त्या उपटायला झेपावला, त्याची बोटं भाजली. तोवर साहेबांनी नळी आत सरकवली होती. काटा हलला. बापाच्या नावाचं दुकान आपल्या हातानं बुडालं, या विचारानं सूर्यभान मटकन स्टुलावर बसला. त्याला रडूच फुटायचं बाकी होतं.

साहेबांनी आकडा लिहिला आणि शिक्का हाणला. "पास."

"पास? पन साहेब, धूर..."

"मर्यादेत आहे. शून्य आलं असतं तर यंत्र बिघडलंय म्हणून कागद परत आला असता. हे बघा, लिहिलंय: गाडी बिनधुराची, धूर मर्यादेत." मग ते दगडाबाईंकडे वळले. "सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. येताना ह्याच उदबत्त्या आणा."

"आनीन की. आख्खा पुडाच आनते."

"नको, नको!" साहेब घाईनं म्हणाले. "दोनच आणा. जास्त झाल्या तर गाडी नापास होईल."