‘बरं’चा वाटा

संगीतकार आणि त्याचा गीतकार मेहुणा एका शब्दावरून हमरीतुमरीवर आले होते. शब्द तरी केवढा? ‘बरं’.

गाण्यात तो म्हणतो, ‘निघतो मी’, आणि ती म्हणते, ‘बरं’. बस. पण तेवढ्यानं ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी होत होतं. गाणं घेणाऱ्या कंपनीतली बाई फोनवर नाक ओढत म्हणाली, "ते ‘बरं’ ज्याचं, त्याचं नाव पहिलं. पैशांचे वाटे ठरवा आणि आजच कळवा."

तिथंच माशी शिंकली.

"शब्द माझा आहे, भाऊजी!"

"दोन अक्षरं नि एक टिंब! अरे, ‘बरं’ तर भाजीवालाही म्हणतो. रडवते ती माझी चाल."

"मग गाऊन दाखवा की!"

संगीतकारानं घसा खाकरून गायलं.

"डॉक्टरनं पथ्य सांगितल्यावर पेशंट म्हणतो ना, तसं वाटलं," मेहुणा म्हणाला.

संगीतकारानं पुन्हा गायलं, पुन्हा पुन्हा गायलं. छे! स्वतःचीच चाल गळ्यात उतरेना. शेवटी वैतागून त्यानं मूळ रेकॉर्डिंग काढलं, वाद्यं बंद केली आणि बायकोचा नुसता आवाज लावला. गाणं घरातच, झोपायच्या खोलीत, दाराला गादी टेकवून गायलं होतं तिनं.

‘निघतो मी...’ मग जरा शांतता. मग गादीपलीकडून तिच्या सासूबाई : "अगं, तुझी नणंद येतेय. महिनाभर राहील."

आणि बरोब्बर समेवर, "बरं."

दोघांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"भाऊजी," मेहुणा पुटपुटला, "मी तर ‘जा’ लिहिलं होतं हो."

"आणि मी ते गाळून तिथं नुसती बासरी ठेवली होती."

"म्हणजे ते माझंच की!" दारातून बायको म्हणाली.

"तुझं एकटीचं कसं?" मागून सासूबाई. "असलं ‘बरं’ काय आभाळातून पडतं? लग्न झाल्यापासून रोज घोटून घेतलंय मी!"

संगीतकारानं कोपरापासून हात जोडले. "मान्य, आई! चौघांचे चार सारखे वाटे. चालेल ना गं?"

सगळ्यांनी बायकोकडे कान लावले.

"नाही," ती म्हणाली. "अर्धा माझा. नाव माझं पहिलं. उरलेल्यात तुम्ही तिघं बघा."

त्या ‘नाही’चा सूर असा खणखणीत, असा भरदार लागला की कपाटातली भांडी झंकारली. सासूबाई मटकन खाली बसल्या. मेहुण्याला आ मिटायचं भान राहिलं नाही.

संगीतकार मात्र कीबोर्डवर तो सूर शोधत होता. खाली सापडेना, मध्ये सापडेना. सापडला तो पार वरच्या टोकाला. इतकी वर्षं हा बाबा तिची सगळी गाणी खालच्या पट्टीत बांधत आला होता.