मानेला न टोचणारा पट्टा

आम्ही नवराबायकोनं जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे सोलापुरात नवी पेठेत कॅमेऱ्याचा पट्टा बघायला गेलो आणि दीड तासानं रिकाम्या हातानं परत आलो. माझी बायको सुमन अडुसष्ट वर्षांची. दुकानात तिनं नऊ पट्टे एकामागून एक गळ्यात घातले आणि प्रत्येक पट्ट्याला दुकान झाडून बघितलं. हातात झाडू नव्हता. नुसतीच वाकायची, उजवा हात हलवायची. मग मांडी घालून खाली बसायची. मग कमरेवर घागर आहे असं धरून उठायची. निकाल एकच, "टोचतंय."

दुकानदार सलीमभाई थंड डोक्याचा माणूस. तोसुद्धा सहाव्या पट्ट्याला म्हणाला, "मावशी, फोटो काढायचाय का कुस्ती खेळायचीय?"

"घरात घालायचाय. घरात बाईमाणूस सरळ उभं कवा असतंय?"

नायलॉनचा टोचला. चामड्याचा घामानं चिकटला. एक आत स्पंज भरलेला होता, त्यानं मान तापली. एक ताणणारा निघाला. सलीमभाई त्याचं लई कौतुक करत होता, पण कॅमेरा पोटावर नाचायला लागला. ती म्हणाली, "ह्यानं पुरावा हलंल."

हे पुराव्याचं सांगितलं पाहिजे.

कॅमेरा आमच्या लेकीचा. ती पुण्याला असते. तिनं भारीतला मोबाईल घेतला आणि हा डिजिटल कॅमेरा आईला दिला, देवाधर्माला गेलीस की फोटो काढ म्हणाली. सुमननं देवाचा एकही फोटो काढला नाही. देव तिला कधी 'उद्या करतो' म्हणाला नव्हता. मी म्हणत होतो.

नळ गळतोय, उद्या बघतो. दाराची कडी निसटलीय, उद्या ठोकतो. वाळवणाची दोरी लोंबतीय, उद्या ताणतो. पहिल्यांदा ती बडबडायची, मी ऐकायचो नाही, दोघांचं बरं चाललं होतं. कॅमेरा आला आणि तिनं बडबड सोडली. गळत्या नळापुढं जाऊन फोटो काढायची, माझा चष्मा आणून माझ्या नाकावर बसवायची आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत तो थेंब दाखवायची. म्हणायची, "पुरावा ऱ्हायला पायजे." गादीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलचा पुरावा. मला साखरेचा आजार, म्हणून चोरून खाल्लेल्या जिलेबीचा पुरावा, मिशीला लागलेल्या पाकासकट. मोबाईलवर काढ की म्हटलं तर म्हणे, "त्यो मधीच वाजतोय. चोर सावध हुतो."

लेक आली की जेवणं झाल्यावर खटला. सुमन एक फोटो दाखवायची, अंगठ्यानं झर्रकन पुढं जायची, दुसरा दाखवायची. लेक म्हणायची, "आण्णा, कडी अजून तशीच?" मी म्हणायचो, ठोकली की. सुमन म्हणायची, "पुरावा हाय का?" माझ्याकडं कुठला पुरावा?

कॅमेरा सकाळी पदर खोचताना गळ्यात पडायचा तो रात्रीच उतरायचा. त्याच्याबरोबर आलेला पट्टा बोटभर रुंद, कडेनं करवतीसारखा. सोलापूरचं ऊन, मानेला घाम, त्यात तो पट्टा मंगळसूत्राच्या मण्यांत अडकायचा. मानेवर लाल वळ उठला. काढून ठेव म्हटलं. म्हणाली, "काडून ठिवला आन् नेमकं तवाच तुमी काय केलं तर?"

म्हणून नवी पेठ. आणि नऊ पट्टे.

येताना रिक्षात ती मागं टेकून मान चोळत होती. दमली असेल म्हटलं. मग एकदम म्हणाली, "अवो, चाळीस वर्सं मागावर जगाचं आंग पुसायचं टॉवेल इनलं तुमी. माज्या मानंपुरती चार बोटं पट्टी न्हाय हुणार तुमच्यानं?"

बोलणं खरं होतं. टॉवेलाच्या कापडाएवढं मानेला मऊ काही नाही, घामही पितं. दुकानात दीड तास उभा होतो, मला सुचलं नाही. म्हणालो, "उद्या करतो."

तिनं तिथंच रिक्षात कॅमेरा उचलला आणि माझ्या तोंडाचा फोटो काढला. "ह्यो उद्याचा पुरावा," म्हणाली.

आमच्याकडं नळाला दर चौथ्या दिवशी पाणी येतं. पाण्याच्या आधी अर्धा तास ती उठलेली असायची, घागरी रांगेला लावून. दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती, पहाटे आलं. बॅरल भरलं, वाहायला लागलं, मोरीतनं पाणी घरात आलं. मी पडल्यापडल्याच ओरडलो, "अगं नळ बंद कर, न्हायतर आज मीच फोटू काढीन." ती माझ्या शेजारीच होती. हात लावला तर गार.

डॉक्टर येऊन गेले. शेजारपाजार जमला. लेक पुण्याहून निघाली होती, तिला यायला चार-पाच तास. बायका भोवतीनं बसल्या. मला कुणी काही काम सांगेना. खुंटीला कॅमेरा होता, तो घेतला आणि कोपऱ्यात बसलो.

बटण दाबल्यावर माझंच तोंड आलं, रिक्षातलं, उघडं. मी मागं मागं जायला लागलो. दोरी दिसली, ताणलेली. मला वाटलं चुकून निघाला असेल. त्याच्या मागं तीच दोरी, लोंबती. आणखी मागं गेलो. कडी ठोकलेली, आणि शेजारी मी, बोटावर हातोडी बसली म्हणून बोट तोंडात. त्याच्या मागं निसटलेली कडी. मग कोरडा नळ, स्टुलावर पाठमोरा मी, हातात पाना. त्याच्या मागं तो थेंब. एकूण एक काम तिनं दोनदा काढलं होतं. आणि खटल्याच्या वेळी अंगठा झर्रकन पुढं जायचा तो माझ्या बाजूच्या पुराव्यावरनं.

'उद्या' म्हटलेल्या कामांत जोडी नसलेला एकच फोटो होता. रिक्षातला.

मी उठलो. पेटीतनं माझ्या मागावरचा लाल काठाचा टॉवेल काढला. चार बोटांची पट्टी कापली, तिहेरी दुमडली, आत जुना पट्टा घातला, टोकं कॅमेऱ्याला होती तशीच ठेवली. तिच्या शिलाई मशीनवर बसलो आणि पायडल मारलं. त्या आवाजानं बायकांचं रडणं थांबलं.

शेजारची अनुसया जवळ आली. हळूच म्हणाली, "दादा, आंगुळ घालाय बायका थांबल्यात. ह्ये आता कुणासाटी?"

"धा मिंटं थांब. काल तिला उद्या म्हणालो हुतो."

दोरा संपला होता, तो अनुसयानंच ओवून दिला.

झाल्यावर कॅमेरा गळ्यात घातला. झाडायला वाकलो, उजवा हात हलवला. सुमनच्या उशाशी मांडी घालून बसलो. कमरेवर घागर धरून उठलो. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. टोचत नव्हता.

रिक्षातल्या फोटोला जोडीचा फोटो काढायचा, तर पट्टा कॅमेऱ्यालाच अडकलेला. गळ्यातनं काढून डाव्या हातानं भिंगापुढं ओढून धरला आणि दाबलं. लाल काठ आला. वाकडी शिलाई आली. मागं अंधुक तिचे पाय आले.

मग बायकांना म्हणालो, आता घाला पाणी.