चपला घालून आत या

आमच्या जनूकाकाच्या म्युझियममध्ये चपला काढल्या तर शिव्या बसतात. दारावर पाटीच आहे, ‘चपला घालून आत या.’ लोक चिखलाचे पाय घेऊन आत येतात आणि काकी ओरडते, "इंग्रज गेला, झाडू माझ्याच हातात हाय!"

म्युझियम म्हणजे आमच्या वसईच्या घराची पडवी. तिथे एक लोखंडी गोळा आहे. काकाच्या मते फिरंग्यांच्या तोफेचा, काकीच्या मते वालीवच्या भंगारातला. मधोमध मिठागरावरच्या गोऱ्या साहेबाची वेताची खुर्ची.

माझा आजा त्या खुर्चीसमोर चपला काखेत धरून उभा राहायचा. मिठाने पाय फाटलेले. मीठ त्याने पिकवायचं, पण मूठभर घरी नेलं तर चोर. साहेब गेला, खुर्चीत आपला माणूस बसला, आणि समोर काका उभा राहिला. "मानूस बदलला, खुर्ची तीच," हे काकाचं पालुपद. मिठागर बंद पडलं तेव्हा ती त्याने डोक्यावरून घरी आणली.

आता येईल त्याला तो तीत बसवतो. कोळीण मासळीच्या पाटीसकट बसली. एव्हरशाईनच्या नव्या इमारतींतले एक बँकवाले "नको, नको" म्हणत होते, त्यांना खांदे दाबून बसवलं. एकदा बकरी चढली. काका म्हणाला, "बसू दे. साहेबापेक्षा कमी खाते."

स्वतः मात्र कधी बसला नाही. "मला काम हाय," म्हणायचा आणि अनवाणी उभा राहायचा.

"मेला साहेब ह्यांना अजून उभं करतो," काकी म्हणायची.

यंदा मी बी.ए. झाले. घरातली पहिली. भाड्याचा काळा झगा घालून फोटोला उभी राहिले, तर काकाचा हुकूम, "बस खुर्चीत!"

"तू उभा आणि मी बसू? लोक काय म्हणतील, शिकली आणि मोठ्यांना विसरली?"

काका गडबडला. तेवढ्यात काकीने त्याच्या चपला आणून पायांत सरकवल्या. तो टेकला, रिक्षात चौथा बसतो तसा.

"मागे रेल की, काका."

तो रेलला. खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवत राहिला.

"बाप इचारायचा," तो हळूच म्हणाला, "हितं बसल्यावर कसं वाटत असल रं? आता कोनाला सांगू?"

फोटो झाला. काका उठला नाही. काकीने चहा आणला, तो त्याने खुर्चीत बसून प्यायला. चपला घालून.