पिवळ्या छत्र्यांची रजई

डोळ्यांवर पट्टी बांधली तरी आपली टीप आपण नुसत्या बोटांनी ओळखू, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिच्यात एक मोठं मशीन, रजई ताणून धरायला भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचणारी चौकट, आणि उरलेल्या जागेत काका. गिऱ्हाइकानं कापड आणायचं, काकूंनी त्यात कापूस भरून वर वेलबुट्टीची टीप मारून द्यायची, असा हा धंदा. प्रत्येक रजईच्या एका कोपऱ्यात काकू वेलीचं एक पान मुद्दाम उलटं काढत. ही माझी सही, असं म्हणत. ती सही तपासायला आजवर कुणी आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी काकू दोरा आणायला बाजारात गेल्या आणि तेवढ्यात घोटाळा झाला. परत येऊन बघतात तर टेबलावर एक गाठोडं. काकांनी खुलासा केला की स्कूटरवरून एक बाई आल्या होत्या, फार घाईत होत्या, त्यांना नवी रजई करायची आहे आणि कापसाऐवजी ही जुनी आत भरायची आहे. संध्याकाळी येते म्हणाल्या. नाव विचारायला काका विसरले होते.

"निदान दिसायला कशा होत्या?"

"हेल्मेट होतं," काका म्हणाले.

काकूंनी गाठोडं सोडलं. निळ्या कापडावर पिवळ्या छत्र्या. कडा विरलेल्या, जागोजागी ठिगळं, काही ठिगळांवर पुन्हा ठिगळं, आणि छत्र्यांचा रंग उडून त्या नुसत्या छत्र्यांच्या आठवणी उरलेल्या. कोपऱ्यात बघितलं, तर पान उलटं. ही रजई त्यांनी मुलाच्या लग्नात स्वतःच्या हातांनी शिवून दिली होती. असलं कापड नंतर कुठल्याही दुकानात त्यांना दिसलं नव्हतं.

मुलगा लग्नानंतर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला होता आणि महिन्यातून एकदा, तेही घड्याळाकडे बघत, तोंड दाखवून जात होता. काकूंना ते फार लागायचं. पण रोज झोपतो तरी आपल्याच रजईत, एवढ्या एका समाधानावर त्या दिवस ढकलत होत्या. आता तेही गेलं; सुनेनं रजई भंगारात घातली असणार.

त्यांनी मुलाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, म्हणून जे काही बोलायचं ते त्याच्या मीटिंगला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलून घेतलं. मग सुनेला लावला. सूनबाई शांतपणे म्हणाली की रजई घरातच आहे. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. वर खोटंही बोलते! असेल तर आत्ताच्या आत्ता आणून दाखव, असं बजावून त्यांनी फोन आपटला. मग शेजारणीकडे जाऊन मन मोकळं केलं. शेजारणीनं ते इस्त्रीवाल्याकडे मोकळं केलं. दुपारपर्यंत गल्लीत बातमी होती की काकूंची सून घरातलं एकेक सामान भंगारात काढते आहे.

संध्याकाळी हेल्मेटवाल्या बाई आल्या. हेल्मेट काढल्यावर कळलं की या दवाखान्यातल्या नर्सबाई, जुन्या गिऱ्हाईक. पण काकू ओळखीपाळखीच्या पलीकडे गेल्या होत्या.

"कुठल्या भंगारवाल्याकडून उचललीत ही?"

नर्सबाई गोंधळल्या. "काकू, ही माझीच आहे. तुम्हीच नाही का शिवून दिलीत? माझी मुलगी हिच्यातच वाढली. आता साफ विरली, पण ही आत असेल तरच नवी पांघरीन म्हणते."

"उगाच काहीतरी सांगू नका. हे कापड माझं आहे."

"तुमचं कसं? माझ्या वडिलांनी दुकान बंद केलं, तेव्हाचा शेवटचा तागा. मीच आणून दिला होता तुम्हाला."

आणि काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तागा मोठा होता. कापड अगदी पुरेपूर लागलं, चिंधीसुद्धा उरली नाही, असं त्यांनी या बाईंना तोंड भरून सांगितलं होतं. उरलेलं ट्रंकेत गेलं. पुढे लग्नाच्या वेळी ट्रंकेतून निघालं तोवर ते आपलंच आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. म्हणजे सून खरं बोलत होती. म्हणजे ती आत्ता रजई घेऊन निघाली असणार. सुनेनं आपलं ऐकू नये, असं काकूंना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

पण नेमकी त्याच दिवशी ती आज्ञाधारक निघाली. दारात रिक्षा थांबली. सूनबाई आत आली, तिच्या मागून शेजारीण, आणि शेजारणीच्या मागून हातातलं काम टाकून इस्त्रीवाला. सुनेनं टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत निळं कापड, आणि छत्र्या अजून पिवळ्याधमक.

"बघा आई. पिशवीची गाठसुद्धा तुमचीच आहे."

नर्सबाईंनी पिशवीकडे बघितलं, मग आपल्या गाठोड्याकडे. "पुरेपूर लागलं होतं ना हो काकू?"

काकूंना ते ऐकू आलं, पण त्यांची नजर त्या गाठीवर होती. दुकानातल्याच दोऱ्याची, दुहेरी, त्यांनीच लग्नाच्या आदल्या दिवशी बांधलेली.

"तुम्ही ती एकदाही पांघरली नाहीत?"

"इतकी चांगली वस्तू कोण वापरतं, आई? जपून ठेवलीय," सून म्हणाली, आणि तिला ते खरंच कौतुकाचं वाटत होतं.

नर्सबाई आपलं गाठोडं बांधू लागल्या. काकू गडबडून म्हणाल्या की राहू द्या, मी शिवून देते, एक पैसा घेणार नाही.

"नको. आत आमचीच भराल, हे कशावरून?" नर्सबाईंनी हेल्मेट घातलं आणि त्या गेल्या. शेजारणीला आणि इस्त्रीवाल्याला एकदम कामं आठवली.

सूनही निघाली. उंबऱ्यापाशी मात्र घुटमळली. "आई, आणलीच आहे तर इथेच राहू दे का? आमच्या कपाटात जागा होत नाही."

काकूंनी होकारार्थी मान हलवली. रिक्षा गेल्यावर काका चहा घेऊन आतून आले. त्यांनी टेबलावरची रजई पाहिली, आजूबाजूला गिऱ्हाईक कुठे दिसतंय का तेही पाहिलं.

"आणि ही कशात भरायची?" त्यांनी विचारलं.